सासूबाई छाप पंखा

सरकीचा आणि रुईच्या धुळीचा वास आला की अजून मला पहिल्या पंख्याचा दिवस आठवतो. निजामाच्या काळात जालन्यात ह्यांनी कापसाच्या जिनिंगमधली धूळ ओढणारा लोखंडी पंखा बनवला, आणि तो क्षणभरही थांबणार नाही म्हणून खोडसाळपणे त्याच्यावर ‘सासूबाई छाप’ अशी अक्षरं ओतली. पहिला पंखा सुरू करताना रिवाजाप्रमाणे कुंकू लावायला घरातली थोरली बाई हवी, म्हणून माझ्या सासूबाईंनाच आणलं. पंखा चालला नाही तर आमच्या कारखान्याला टाळं लागणार होतं, पण मला धास्ती त्या अक्षरांची. त्यांना वाचता येत नव्हतं. कुंकवाचं बोट नेमकं अक्षरांवर टेकवून त्यांनी विचारलं, “काय लिवलंय गं?” ह्यांनी मान फिरवली. मी खरं तेच सांगितलं. मुकादमानं पट्टा चढवला, पंखा घरघरला आणि धूळ खेचू लागला. सासूबाई धूळ जाताना बघत होत्या. “बराबर हाय,” म्हणाल्या, “घरातली घाण मीच काढून राह्यले की.” आता कारखाना मोठा झालाय आणि नव्या पंख्याला कुंकू मी लावते. मला वाचता येतं, तरी सुनेला विचारते, “काय लिहिलंय गं?”