डावा हात

भाचीच्या शाळेत आज घरच्यांना वर्गात बसता येणार होतं. ताईला रजा नव्हती, म्हणून मागच्या बाकावर मी बसले. इथे इंग्रजीत उत्तर द्यायचं असेल तर मुलं उजवा हात वर करतात, मराठीत द्यायचं असेल तर डावा. एका चिमुरडीने दोन्ही केले. बाई हसल्या, "बोल गं, जमेल तसं मिसळून बोल."

माझ्या इंग्रजी शाळेत मला उत्तर मराठीतच सुचायचं. ते इंग्रजीत जुळवेपर्यंत दुसरंच कोणी बोलून जायचं. पुढे मी हात वर करणंच सोडलं.

"चिंच पाहून तोंडाला पाणी का सुटतं?" बाईंनी विचारलं.

भाची मागे वळून कुजबुजली, "मावशी, तुला येतंय ना? मग कर की!"

 माझा डावा हात हळूच वर गेला.