कल्पितानं पाटी उलटी टांगली

लिव अमिषा, आज कल्पिताचं लिव. आपल्या नामा ट्रकवाल्याची पोर. बारावी झाली नि मुंबयला डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात शिकली. तिथं डोळे बरे करतात नि डोळ्यांवर संशोधनपन चालतं. पन ती तिथं न्हाय ऱ्हायली. स्कूटीला पेटी बांधून आपल्याच गावांत डोळे तपासत फिरते.

मी धवलारीण. धवले गाऊन लग्नाचे विधी करते. अक्षर एक येत न्हाय, पन एकदा कानावर पडलं का जात न्हाय. तेच नडलं.

मागल्या माघात कल्पिता देवळाच्या ओट्यावर आली. म्होरं लग्नांचे दिस, सात घरांनी मला सांगून ठेवलेलं. डावा डोळा कवाचाच धुरकटला होता. खोट निघाली तर म्हयनाभर घरात बसवतील, लोक दुसरी बाई बोलवतील, ही धास्ती.

भिंतीवर पाटी, तिच्यावर फणीवानी खुणा. दात कुठल्या अंगाला ते सांगायचं. माझ्या आधी शेजारची गोदू. ती बोलली, "वर, उजवीकडं, खाली, खाली, डावीकडं." माझं पाठ झालं. पाळी आली तसा उजवा डोळा झाकला नि घडाघडा म्हटलं.

"वा आजी," कल्पिता बोलली. उठली, पाटी उलटी टांगली. "आता परत सांगा."

मी परत तेच म्हटलं.

"आजी, वाचताय का धवला गाताय?"

गोदू पोट धरून हसाय लागली. मी चिडले. "लय शानी झालीस. तुझ्या आयशीचं लगीन मी लावलंय."

"म्हणून तर," ती बोलली. "माझं कोन लावणार?"

दुसऱ्या दिशी मांडव्याच्या बोटीनं तीच मला मुंबयला, तिच्या त्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलल्या, काचबिंदू हाय. डाव्याची गेली ती नजर परत येनार न्हाय, उजव्यातपन सुरू झालाय, पन तो राखता येईल. हे घरान्यात उतरतं म्हणून माझ्या लेकाचे, तुझ्या बापाचेपन डोळे तपासले. तो बरा हाय, देवाची किरपा.

"मंग लग्नं?" मी इचारलं.

"खुशाल गा. रोज सांजचे थेंब तेवढे चुकवू नका."

येवढ्यासाठी मी आंधळी व्हाय निघालेले. त्या बाईचं नावपन ठाव न्हाय, पन दिवा लावताना त्यांना नि कल्पिताला हात जोडते.

वैशाखात कल्पिताचंच लगीन. हळदीला माझा धवला रंगात आला नि तिचा फोन वाजला.

"आजी, थांबा. थेंब."

तिचे हात हळदीनं माखलेले, म्हणून तिच्या आयशीनं थेंब घातले. "आता दोन मिंटं डोळे मिटून बसा," नवरी सांगते. सगळा मांडव गप बसला माझ्यासाठी.

डोळे उघडले. डाव्यात धूरच होता. उजव्यात ती, पिवळीधमक, दात काढून हसनारी, नीट दिसली. मंग जिथं सोडला होता तिथूनच मी धवला उचलला.