एकतीस मीटर जास्तीचे

पुसदला बसस्टँडच्या मागं एका दुकानाच्या माडीवर आमचा क्लास आहे. तिथं मी बुद्धिमत्ता शिकवतो. भरतीची पोरं दिशेचं गणित आलं की बाकावरच अंग वळवतात, हवेत हात फिरवून डावं-उजवं करतात आणि तिसऱ्या वळणाला हमखास फसतात. मग मी ओरडतो, "अबे, मान कायले मोडून राह्यला? जिथून निघाला ते शून्य-शून्य धर. पूर्व अधिक, पश्चिम उणे. उत्तर अधिक, दक्षिण उणे. बेरीज कर आन मोकळा हो!" ही पद्धत मला फार आवडते. तिचा मला भारी अभिमान होता, आणि तोच मला नडला.

पोरगी सहा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. इथल्या एका चांगल्या इंग्रजी शाळेत गरिबांच्या पोरांसाठी थोड्या जागा राखीव असतात. अर्ज मोबाईलवर भरायचा, नकाशात आपल्या घरावर लाल फुगा ठेवायचा. फुग्यापासून शाळेपर्यंत सरळ रेषेतलं अंतर धरतात. एका किलोमीटरच्या आतली पोरं आधी घेतात, आणि बाहेरच्यांसाठी त्या शाळेत जागा उरतच नाही.

मी फुग्याला हात लावायच्या आधी कागद घेतला. आमचं घर शून्य-शून्य. शाळा पूर्वेला आठशे मीटर, दक्षिणेला साडेसहाशे. दोन्हीचे वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढलं. एक हजार एकतीस. मग फुगा ठेवला तर नकाशानंही तेच सांगितलं. आणि मी येडा माणूस, उत्तर जुळलं म्हणून खुश झालो! पोरीची शाळा गेली, हे मागून डोक्यात शिरलं.

बायको बाजूलाच उभी होती. "फुगा जरासा चक्कीपाशी सरकवा ना," ती म्हणाली. पिठाची चक्की आमच्यापासून साठ पावलांवर, शाळेच्याच बाजूला.

"घर इथं आहे," मी म्हटलं.

"मंग पोरगीबी इथंच राहीन," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक जण राहतो. नळ-पाइपाची कामं करतो. त्याचं पोरगंही तेवढंच. तोही मोबाईल घेऊन माझ्याकडं आला होता, "सर, फुगा कुठं ठेवू?" जिथं घर आहे तिथं ठेवा, असं मी त्याला चांगलं पंधरा मिनिटं समजावलं. त्यानं हाव हाव म्हणत मान हलवली, घरी गेला आणि फुगा सरळ चक्कीवर ठेवला. यादी लागली. त्याच्या पोराचा नंबर लागला, माझ्या पोरीचा नाही. तो पेढे घेऊन आला. पोरीनं दोन खाल्ले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवणारा मी, आणि शाळा त्याच्या पोराला! मी तक्रार लिहिली, निनावी. ती जागा सुटली तरी आम्हाला मिळणार नव्हती, कारण वाट पाहणाऱ्यांत किलोमीटरच्या आतली पोरं होतीच. हे मला लिहितानाच ठाऊक होतं, तरी लिहिली. खाली पट्टीनं आकृती काढली, कोपऱ्यात उत्तरेचा बाण दाखवला, वर्ग, बेरीज, मूळ सगळं मांडलं. इतकं नीट गणित मी फळ्यावर कधी सोडवलं नसेल. महिन्याभरात पडताळणी झाली आणि त्या पोराचा प्रवेश रद्द झाला. मी घरात कोणाला काही बोललो नाही.

आता दोन्ही लेकरं नगरपरिषदेच्या शाळेत एकाच वर्गात आहेत.

परवा सकाळी क्लासला सुट्टी होती. शेजारी एक झेरॉक्स घेऊन दारात आला. "सर, शिक्षनाच्या हापिसात लय चकरा मारल्या तेव्हा हे भेटलं. कोनं केलं ते सांगत नाहीत. पण हे लिहिलं काय, तेवढं समजावून द्या मले."

माझंच अक्षर. त्यानं ते कधी पाहिलेलं नव्हतं. पळून जावंसं वाटलं. पण कागद हातात घेतला आणि क्लासमध्ये सांगतो तसंच सांगत गेलो, हे घर, ही पूर्व, ही दक्षिण, हे मूळ. लाज वाटते सांगायला, पण आवाज जरासुद्धा हलला नाही.

"म्हंजे गणित बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मंग चूक माहीच आहे," तो म्हणाला. "मले वाटून राह्यलं होतं, कोनाची तरी दुश्मनी आहे. दुश्मनी तं नाही ना, सर?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमी म्हनता तं नसंल." त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, माझ्या पोरीला हाक मारली, स्कूटरवर तिला आपल्या पुढं उभं केलं, स्वतःच्या पोराला मागं बसवलं आणि दोघांना शाळेत सोडायला गेला.