मालनबाईनं वाचलेली कविता

पंचशीला कंडक्टरनं गाडीत तोंड उघडलं की इंजिनसुद्धा जरा दबून चालतं, असं माजलगाव डेपोत म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काही खोटं नाही. बाजाराच्या दिवशी शिरूर कासारच्या गाडीत कोंबड्या, पोती आणि पाहुणे एकदमच चढतात, तेव्हा "पुढं सरका" हे सगळ्यांना सारखंच लागावं असं म्हणायला छातीत दम लागतो. तो तिच्यात भरपूर. आणि हीच बाई कविता करते, हे कळल्यावर डेपोतल्या मंडळींनी आधी थट्टा केली आणि मग लेकरांच्या लग्नपत्रिकेसाठी चार ओळी मागितल्या. तिनं दिल्या नाहीत. कविता म्हणजे काय तिकीट आहे, मागितलं की फाडून द्यायला, असं तिचं म्हणणं.

तिची एकच कविता लोकांना ठाऊक होती, पण ठाऊक होती म्हणजे चांगलीच ठाऊक होती. आईवरची. तान्ह्या पंचशीलाला उसाच्या फडावर ताप चढला, डोळे फिरले. बाप सर्जेराव तेव्हा उसाची बैलगाडी घेऊन साखर कारखान्यावर नंबर लावून रांगेत उभा. मुकादम म्हणाला, आधी तोड संपव, मग जा. आईनं कोयता टाकला, लेक उचलली आणि पायी दवाखाना गाठला. त्या कवितेत एक ओळ होती, 'माय चालली रडत, वाट भिजत गेली.' भीमजयंतीच्या कविसंमेलनात ही ओळ आली आणि मांडवात टाळ्यांचा नुसता धडाका उडाला. बायांनी पदर डोळ्याला लावले.

जिच्यावर ही कविता ती मालनबाई पुढच्याच रांगेत बसली होती, पांढरं लुगडं नेसून, ताठ. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हन्लीस गं माझ्याबद्दल? समदे माझ्याकडंच बघायलते."

मालनबाईचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मशीन आणलं, पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून तिनं फडताळात ठेवून दिलं. अक्षराशी तर ओळखच झाली नाही. शाळेच्या वयात ती फडावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढं ओरडून सांगता येतं. पण कविता ओरडून सांगून बघा. पंचशीलानं आईच्या कानाशी तोंड नेऊन दोन ओळी म्हटल्या, तोवर शेजारची छबुबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "कावून भांडायल्यात गं मायलेकी?"

त्या दिवसापासून पंचशीलाच्या जिवाला चैन पडेना. साऱ्या तालुक्यानं ऐकली आणि जिची आहे तिलाच पोचली नाही, तर ती कविता करायची तरी कशाला? आणि माय सत्तरी ओलांडलेली.

माजलगावात जावेद नावाचा एक तरुण आहे. पोटासाठी तो फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक करतो आणि जिवासाठी मोबाइलवर टाकायला चित्रकथा काढतो. चौकोनाशेजारी चौकोन, त्यांत बाजारातली माणसं. एकदा त्यानं सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या गाडीला झापणारी कंडक्टरीण काढली. ती कोण हे डेपोत कुणाला सांगावं लागलं नाही. पंचशीला दुकानात गेली ती त्याला सोलून काढायलाच. पण बाहेर आली तेव्हा काम ठरवून आली होती.

"माझ्या कवितेची चित्रं काढा, जावेदभाऊ. एकही अक्षर नको. अक्षर न येणाऱ्या माणसाला कळली पाहिजे."

"काढतो की, ताई," जावेद म्हणाला. "भावी आमदारांची तोंडं गोरी करू करू हात आखडलाय. जरा खरं माणूस काढू द्या."

आणि काढलंही त्यानं जीव लावून. एका मोठ्या कागदावर वर तीन चित्रं, खाली तीन. वर पहिल्यात फड आणि झोळीतलं लेकरू, दुसऱ्यात तापलेलं लेकरू, तिसऱ्यात हात उगारलेला मुकादम आणि कोयता टाकणारी माय. खाली पहिल्यात निपचित लेकरू घेऊन वाटेनं रडत निघालेली माय, मग दवाखाना, आणि शेवटी खाकी गणवेशात हसणारी पंचशीला. पंचशीलानं कागद गुंडाळला आणि तडक घरी आणला. आता माय वाचणार, हे तिनं धरूनच टाकलं.

मालनबाईनं कागद मांडीवर घेतला. चित्रांवरून बोट फिरवत गेली, शेवटपर्यंत गेली आणि तिचं तोंड उतरलं. कागद बाजूला सारून म्हणाली, "असलं अभद्र कावून काढून आनलंस? पोरगी नोकरीला लागली, मंग आजारी पडली आन् मेली व्हय? तू तर चांगली धडधाकट माझ्यापुढं बसलीस."

पंचशीलाला काही उमजेना. मेली कुठं? तिला रडूच यायला लागलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिनंच कागद लोटून दिला. पण बाई हार मानणाऱ्यातली नव्हे. तिनं आईचं बोट धरून पहिल्या चित्रावर ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, पुन्हा जा. बोट वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडं गेलं. कागदाच्या कडेला पोचलं, तिथंच खाली उतरलं आणि खालची ओळ उजवीकडून डावीकडं वाचत आलं. म्हणजे आधी खाकीतली लेक, मग दवाखाना आणि शेवटी निपचित लेकरू घेऊन रडणारी माय.

पंचशीलानं कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. उभा जन्म ऊसतोडीत आणि खुरपण्यात गेलेली बाई ती. खुरपायची एक पट्टी, म्हणजे पात, संपली की बांधावर वळायचं आणि तिथूनच दुसरी पात धरायची. ओळ संपली की पुन्हा पलीकडच्या टोकाला जायचं असतं, हे शाळेत गेलेल्यांचं शास्त्र. तिनं आईला ते बोटानं करून दाखवलं, तर मालनबाईला ते मुळीच पटलं नाही.

"रिकामं कोन चालत जातंय मागं? येड लागलंय का?"

पंचशीलानं जावेदला फोन लावला आणि खालची ओळ उलट्या क्रमानं काढायला सांगितली.

"पण ताई, मग वाचता येणारी माणसं चुकतील ना."

"चुकू द्या. त्यांनी ऐकलीय. ही जिची आहे तिच्यासाठी आहे."

पुढच्या सुट्टीला जावेद नवा कागद घेऊन स्वतःच घरी आला. काखेत चित्रं काढायचा टॅब, शाळेच्या पाटीएवढी काचेची पाटीच ती. चहा आला. मालनबाईचं बोट वरच्या ओळीतून गेलं, बांधावर वळलं आणि रडणाऱ्या बाईवर थांबलं.

"ही कोन रडायली?"

पंचशीलानं आईकडं बोट केलं.

"मी?" मालनबाई ताडकन म्हणाली. "मी कवा रडले? तुला कोनी सांगितलं?"

पंचशीला विचारात पडली. सांगितलं होतं बापानं, आणि तो तर तेव्हा कारखान्यावर होता. आईनं ती गोष्ट स्वतः कधी सांगितलीच नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती. तिनं भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडं हात केला.

"त्येला काय म्हाईत? रडायला येळ कुठं व्हता मला? लई राग आलता. त्या मुकादमाला शिव्या देत गेलते पार दवाखान्यापस्तोर. त्याचा आज्जा, पणजा, समदे उकरून काढले. दम लागला की वाटायचं थांबावं, मंग त्याचं तोंड आठवायचं आन् पाय आपोआप पडायचे." एवढं सांगताना तिचा चेहरा असा काही पेटला, की जावेदनं चहाची बशी खाली ठेवली.

त्यानं पाटीवर तेच चित्र उघडलं, चित्रातल्या आईच्या गालावरचे थेंब पुसले, भुवया वर चढवल्या, तोंड उघडं केलं आणि मालनबाईपुढं धरलं. तिनं निरखून पाहिलं. "तोंड आनखी उघड, बाबा. म्या लहान आवाजात न्हवते बोलत." त्यानं उघडलं.

पंचशीला मात्र कवितेची वही काढून बसली होती. "भाऊ, त्या ओळीलाच टाळी पडते," ती हळूच म्हणाली.

"साहेबांना गोरं केलं की माझ्याही फलकाला टाळ्या पडतात, ताई," जावेद म्हणाला.

तिला ते झोंबलं, पण खरं होतं. इतकी वर्षं ती मांडवामांडवात माय म्हणून एक भलतीच बाई उभी करत आली होती, रडकी, आणि खरी माय पुढच्या रांगेत ताठ बसलेली. तिनं ओळ खोडली. वर लिहिलं, 'माय चालली शिव्या देत, वाट सरत गेली.' ही आधीच्या ओळीपेक्षा चांगली आहे हे तिला लिहितानाच कळलं. पुढच्या संमेलनात टाळी पडली नाही तर न पडो, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.

मालनबाईला या कशाचाच पत्ता नव्हता. कागद छापून घरी आला, तेव्हा ती तो घेऊन थेट छबुबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. ऐकू न येणाऱ्या माणसाचं बोलणं जरा चढंच असतं. सारी गल्ली ऐकत होती.

"ही माझ्या पोरीनं माझ्यावर केलेली कविता. मी वाचते, तू ऐक." बोट निघालं. "हितं मी ऊस तोडायले. हितं पोरीला ताप. ह्यो मुकादम, मेला. आता हितं वळायचं. हितं बघ, मी कशी शिव्या द्यायले."

दारात उभी पंचशीला पुढं सरकली. मालनबाई दवाखान्याच्या चित्रावर थोडी रेंगाळली आणि शेवटच्यावर पोचली. खाकीतल्या बाईवर छबुबाईनं बोट ठेवून ही कोण म्हणून मान हलवली.

"ही तीच पोरगी," मालनबाई म्हणाली. "जगली."