खोकून दाखवलं

माझी थोरली जाऊ आणि मी एकाच इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. मी घड्यांच्या टेबलावर, ती मोठ्या यंत्रावर. ओल्या चादरींचा ढीग ओढून काढायचा नि गाड्यावर टाकायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र ढीग उचलला की तिची लघवी गळायला लागली. मुकादमाच्या कानावर गेलं.

"वर्षअखेरपर्यंत बघतो," तो म्हणाला. "नाहीतर घड्यांवर बसा."

घरी सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

"मला नाही चालायचं," जाऊ म्हणाली. सासूबाईंना असं कुणी बोललं की मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू?

तेच दुखणं मलाही होतं, पण माझी जीभ रेटत नव्हती. कंबरेचं निमित्त सांगून मी मोठ्या चेंडूवर बसून करायच्या व्यायामाचा वर्ग लावला. "कसले हे चोचले," जाऊ म्हणाली. तिचा व्यायाम फुकटचा: लघवी रोखतो तसे खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. बसथांब्यावर, भाजी चिरताना, कुठेही. गंमत म्हणजे माझं कमी झालं नि तिचं वाढलं. ती भयंकर चिडली. शेवटी मी तिला वर्गाच्या बाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी व्यायाम करून दाखवायला सांगितला. जावेने दात आवळले, श्वास कोंडला आणि जोर लावला.

"अहो, तुम्ही तर गाठोडं उचलताय," बाई म्हणाल्या. "सगळा जोर खाली चाललाय. स्नायू आत, वर ओढायचे. आणि श्वास चालू ठेवायचा."

इतकी वर्षं ओझी उचलून तिला जोर लावायची तेवढी एकच रीत ठाऊक होती.

"मग चेंडू चांगला की नुसतं आवळणं?" मी विचारलं.

"जे नीट जमतं आणि रोज होतं, ते. चेंडूवर तुमचा श्वास मोकळा राहिला, एवढंच."

जाऊ नव्याने शिकली. आधी आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. कित्येक महिने लागले.

वर्षअखेरीला मुकादमाने माझ्याशेजारी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. जाऊ यंत्राकडे गेली, ढीग कवेत घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिली आणि मुद्दाम, पोटातून खोकली. पुन्हा खोकली.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "नसते, तरी इथून हलले नसते."

मुकादम खाली बघायला लागला. "हे असलं चारचौघांत..."

"मलाही होतं," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"मलाही," मागून इस्त्रीवाली म्हणाली.

मुकादमाने खुर्ची उचलली आणि गुपचूप परत नेली.