आतून कडी नसलेली खोली

फिनेलचा वास आला की मला नागपूरची ती खोली आठवते. लेकीची नर्सिंगची परीक्षा होती, म्हणून आम्ही दोघी एटापल्लीहून आदल्या दिवशीच दुपारी तिथं पोचलो. बसस्थानकाजवळच्या दोन लॉजचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून तिसऱ्यात गेलो. खोली फिनेलनं नुकतीच पुसलेली होती, पण दाराला कडी फक्त बाहेरून. मी म्हटलं, “नाई पायजे.” मालक दारात आडवा झाला. “पाह्यली म्हणजे घेतली, बाई. पोरगी थकून राह्यली, बसू दे तिले,” असं म्हणून त्यानं लेकीचा दंड धरला. मागून त्याचा नोकर आला. जंगलात मोहफुलं वेचताना आम्ही बाया वाघाच्या भीतीनं पाठीला पाठ लावून असतो. तशाच आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी हातातला पितळेचा तांब्या मालकाच्या तोंडावर हाणला. दात पडला, रक्त आलं. “मारते काऊन वं, बुढे?” तो ओरडला. मी पुन्हा हाणला. लेक नोकराच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं आम्हाला कोंडायला दार ओढलं, त्यात तिची उजवी करंगळी चिरडली, तरी ती मला ओढत बाहेर आली. सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली आणि तिथल्याच व्हरांड्यात, रोग्यांच्या नातेवाइकांत, फुकट पथारी टाकली. सकाळी तिनं सुजलेल्या हातानं पेपर लिहिला. करंगळी अजून वाकडी आहे, आणि त्याच हातानं ती आता लोकांना सुया टोचते. मला एवढंच वाटतं, त्या मालकाला आणखी एक हाणायला हवा होता.