आधी तिचं सांग

सोनाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या कोर्टात, पुकारा व्हायची वाट बघत व्हरांड्यात उभा होतो. फोन शकूचा होता. माझी धाकटी बहीण, राहुरीला दिलेली. चार वर्षांत आमच्यात एक शब्द नव्हता. "दादा, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही फोन न ठेवता तसेच थांबलो... महिना होऊन गेला, पण आत्याची आठवण आली की आधी ती शांतता आठवते.

आत्या वडिलांची थोरली बहीण, चौथी शिकलेली. गावातली भांडणं तिच्या ओसरीवर मिटायची आणि मी पडलो वकील, त्यामुळे माझी निम्मी अशिलं तूच पळवलीस, असं मी तिला चिडवायचो. "तुझ्याकडं तारीख मिळती, माज्याकडं च्या मिळतो," ती म्हणायची. मारहाण झालेली असली तर मात्र ती मिटवामिटवी करत नसे. पदर खोचून बाईला सरळ पोलीस चौकीत घेऊन जायची. बाकी सगळ्यांना समोरासमोर बसवायची, मध्ये भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवायची आणि फोडायला लावायची. हात कामात असले की आवाज चढत नाही, हे तिचं म्हणणं. नियम एकच. आपली बाजू नंतर, आधी समोरच्याची सांगायची, आणि तो "व्हय, हेच" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. घटस्फोटाचे कागद करायला माझ्याकडे आलेला एक नवरा तिथे तीन दुपारी शेंगा फोडत बसला होता. रोज काहीतरी सांगायचा आणि बायको मान हलवायची, "हे न्हाई." तिसऱ्या दिवशी तो खाली बघत म्हणाला, "तिची आई आजारी हुती तवा मी तिला जाऊ दिलं न्हाई." बायकोला रडू फुटलं... त्याचे कागद माझ्या कपाटात अजून तसेच पडून आहेत.

आमचं भांडण हक्कसोडपत्राचं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणीने भावासाठी सोडायचा, तो कागद. शकूने सही केली नाही, मी बोलणं टाकलं. आत्याने एक दिवस मला एकट्यालाच सुपापुढे बसवलं. "शकूचं सांग."

"कायद्याने तिचा माझ्याइतकाच वाटा आहे. तो तिला हवाय."

"हे कायद्याचं झालं. तिचं सांग."

वीस वर्षं वकिली केलेला माणूस मी, चिडून उठलो आणि पायात चपला सरकवल्या. "सूप भरलेलं ठिवते," आत्या मागून म्हणाली. नंतर तिने तो विषय कधी काढला नाही आणि मीही पुन्हा तिथे बसलो नाही, याची आता लाज वाटते.

दहाव्याला पाहुणे पांगल्यावर शकू ओसरीवर एकटीच बसली होती. कोपऱ्यात सूप होतं, यंदाच्या शेंगांनी भरलेलं. मी ते उचलून आमच्या मध्ये ठेवलं. दोघंही फोडायला लागलो. टरफलांचा ढीग झाल्यावर मी म्हणालो, "भाऊबीज होती. तू मला ओवाळलंस आणि लगेच मी पिशवीतून कागद काढला. आलीच आहेस तर सही उरकून घेऊ, म्हणालो. या घरातून काढून टाकल्यासारखं वाटलं तुला."

शकूचे हात थांबले. "ताट अजून हातातच हुतं, दादा."

"ताट अजून तुझ्या हातातच होतं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "हेच."

जमिनीचं आम्ही अजून काही बोललेलो नाही. सूप तिने राहुरीला नेलंय. भाऊबीजेला मी तिकडे जाणार आहे, ओवाळणी खिशात घालून, पिशवी घरीच ठेवून.